दुपारची वीज, संध्याकाळचा भाव

डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील एका निविदेत सौरविजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला, तेव्हा नवीकरणीय ऊर्जेपुढचा मुख्य अडसर दूर झाला असे अनेकांना वाटले होते. वास्तविक त्यानंतरच खरी अडचण पुढे आली. सौरवीज भर दुपारी मुबलक तयार होते आणि मागणी मात्र सूर्य मावळल्यावरही चढीच राहते. त्यामुळे वीज किती स्वस्तात तयार झाली यापेक्षा ती कोणत्या तासाला हाती आली, यावर तिचे मोल ठरू लागले. विजेची रोजची घाऊक खरेदी-विक्री ज्या पॉवर एक्स्चेंजवर चालते, तेथे दुपारचे दर कोसळतात आणि संध्याकाळचे दर नियामकाने ठरवलेल्या युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला वारंवार टेकतात.

हा फरक ग्राहकाच्या बिलात उतरवण्याचे काम केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीने सुरू केले. दिवसातील वेळेनुसार दर आकारावेत आणि सौर तासांतील वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्के स्वस्त असावी, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून, वेळेची नोंद ठेवणारे मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली. धोरण योग्य आहे. मात्र जे कुटुंब दिवसभर कामानिमित्त घराबाहेर असते, त्याच्या वाट्याला या सवलतीतून फार थोडे येते, याचा विचार वीज नियामक आयोगांना पुढे करावाच लागेल.

शेतीपंपांची गोष्ट वेगळी आहे. साप-बिबट्यांच्या भीतीत रात्री पाणी द्यावे लागते, ही शेतकऱ्यांची जुनी आणि न्याय्य तक्रार. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज दिली जाते आणि त्यासाठी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. मागणीच दुपारकडे सरकल्यामुळे तेवढी वीज साठवण्याचा खर्च वाचतो, आणि या योजनेचे हे यश पुरेसे ओळखले गेलेले नाही.

उरलेली वीज मात्र साठवावीच लागते. त्याचा एक जुना मार्ग सह्याद्रीत घाटघरला पाहायला मिळतो. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर प्रवरेचे पाणी अडवणारा एक जलाशय आहे आणि कड्याखाली, शहापूर तालुक्यात, दुसरा. वीज स्वस्त असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी त्याच यंत्रांतून खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही २५० मेगावॉटची उदंचन योजना आहे. अशा प्रकल्पांत खर्ची पडलेल्या दर चार युनिटांपैकी साधारण तीन परत मिळतात. पश्चिम घाटाची उंची यासाठी फार सोयीची असल्याने राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांचे स्वतंत्र धोरण आणले. पण धरण, बोगदे आणि वनजमिनीच्या परवानग्या यांत वर्षे जातात.

बॅटरी त्या मानाने लवकर उभी राहते. तिच्या करारात वितरण कंपनी बॅटरीचे मासिक भाडे देते आणि ती केव्हा भरायची, केव्हा रिकामी करायची हे स्वतः ठरवते. दोन तास पुरणाऱ्या बॅटरीसाठी २०२२ मध्ये मेगावॉटमागे महिन्याला सुमारे १०.८ लाख रुपये भाडे ठरले होते, ते मार्च २०२४ मध्ये गुजरातच्या निविदेत सुमारे साडेचार लाखांवर आले आणि त्यानंतरही घसरतच राहिले. या घसरणीमागे आयात बॅटऱ्यांचे उतरलेले भाव आहेत, केंद्राने भांडवली खर्चाची तूट भरून काढण्यासाठी दिलेला निधी आहे आणि, हेही सांगायला हवे की, कंत्राट मिळवण्यासाठी काही बोलीदारांनी पत्करलेली जोखीमही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत प्रकल्पक्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांचा साठा सोबतच असावा असा सल्ला दिला.

हायड्रोजनकडेही साठवणुकीचे साधन म्हणून पाहिले जाते, पण त्या कामी तो महाग पडतो: पाण्याचे विजेने विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिटे लागतात आणि त्यापासून पुन्हा वीज केली तर जेमतेम तिसरा हिस्सा परत येतो. युनिट तीन रुपयांना मिळाले तरी किलोमागे नुसत्या विजेचेच दीडशे रुपये होतात. म्हणून त्याची खरी जागा तेलशुद्धीकरण आणि खतनिर्मिती ही आहे, जिथे आज नैसर्गिक वायूपासून केलेला हायड्रोजन वापरला जातो. अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यातला अमोनियाही वायूपासूनच होतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने खत कंपन्यांसाठी हरित अमोनियाच्या दीर्घ मुदतीच्या खरेदीचे लिलाव घडवून आणले, आणि २०२५ मध्ये त्यांतील पहिला दर किलोला ५५ रुपये ७५ पैसे निघाला. उत्पादकाला अनुदानापेक्षा अशा खात्रीच्या खरेदीदाराची गरज अधिक असते.

हरित कशाला म्हणायचे, याचे नियम मात्र देशोदेशी सारखे नाहीत. भारतीय मानकानुसार एक किलो हायड्रोजनमागे बारा महिन्यांच्या सरासरीने दोन किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होता कामा नये. युरोपीय संघाच्या नियमांत २०३० पासून हायड्रोजन ज्या तासाला तयार झाला, त्याच तासाला नवीकरणीय वीजही तयार झाली होती हे दाखवावे लागेल. तिकडे निर्यात करू पाहणाऱ्या भारतीय प्रकल्पाला एकतर रात्री यंत्रे बंद ठेवावी लागतील, नाहीतर पवनऊर्जा आणि बॅटरीचा खर्च आपल्या किमतीत आजपासूनच धरावा लागेल.