सुट्टीच्या बॅगेतील मलम

सुट्टीवरून परतताना बॅगेत काय काय येते, हे कोणाही बहारीनवासी मराठी गृहिणीला विचारावे. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोकम, आणि कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेल्या मलमाच्या दोन-चार ट्यूब! 'खाजेवर एकदम गुणकारी' म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दिलेल्या. यजमानांच्या जांघेतले गजकर्ण असो, मुलाच्या पाठीवरचा चट्टा असो, ट्यूब एकच. या ट्यूबविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते. आम्ही डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राचे विद्यार्थी. पण ट्यूबमध्ये असते ते रसायनच.

गजकर्ण किंवा नायटा म्हणजे कातडीच्या वरच्या थरावर वाढणारी बुरशी. तिला ऊब आणि ओल लागते. इथला उन्हाळा, दमट हवा, घाम आणि दिवसभर अंगाला चिकटलेली जीन्स, एवढी सोय झाल्यावर तिला आणखी काय हवे?

आता ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर त्या मलमात स्टेरॉइड आहे असे समजावे. सोबत बुरशीचे एक आणि जंतूंचे एक-दोन अशी औषधे एकत्र कालवलेली असतात. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दोन-तीन दिवसांत शमवते. आपल्याला वाटते, गुण आला. प्रत्यक्षात शमते ती बुरशीविरुद्ध शरीराने चालवलेली झुंज. बुरशी मात्र आत निवांत पसरते आणि मलम थांबवताच दुप्पट जोमाने वर येते. गजकर्णाची ओळखीची गोल कडाही पुसट होते, त्यामुळे डॉक्टरांनाही निदान जड जाते. ब्रिटनमधील आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी १९६८ सालीच अशा वेष पालटलेल्या गजकर्णाचे वर्णन करून त्याला 'टिनिया इन्कॉग्निटो' असे नाव दिले. शिवाय महिनोन् महिने स्टेरॉइड लावल्यास कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उठतात. एक्झिमासारख्या विकारांत हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली उत्तम काम करते. तेव्हा दोष औषधाचा नाही, ते भलत्या रोगावर लावण्याचा आहे.

भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्णाचे स्वरूपच पालटले आहे. चट्टे मोठे, घरातल्या चौघांना एकदम, आणि पूर्वीच्या औषधांना दाद नाही. याचे एक कारण रसायनशास्त्रात सापडते. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाच्या विकराला अडवते. त्यामुळे पेशीच्या आवरणाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होत नाही आणि बुरशी मरते. पण दिल्लीतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, रुग्णांकडून मिळालेल्या अनेक बुरशींमध्ये या विकराची घडणच बदलली आहे. किल्ली जुनी, कुलूप नवे! जपानमध्ये उपचार घेणाऱ्या भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० मध्ये या बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नावही मिळाले.

मग कोणते औषध चालते? बनारस हिंदू विद्यापीठातील डॉक्टरांनी २०० रुग्णांचे ५०-५० चे चार गट करून प्रत्येक गटाला पोटात घ्यायचे वेगळे औषध दिले. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांनंतर कोणत्याही गटात शंभरातले आठांहून अधिक बरे झाले नव्हते. आठ आठवड्यांनी इट्राकोनाझोलने ६६ टक्के, फ्लुकोनाझोलने ४२, टर्बिनाफिनने २८ आणि ग्रिसिओफुल्विनने केवळ १४ टक्के रुग्ण बरे झाले. म्हणजे सर्वांत चांगल्या औषधानेही दोन महिन्यांत तिघांपैकी एक जण बरा झाला नाही. 'पंधरा दिवसांत फरक नाही, बदला ट्यूब' हा आपला खाक्या किती चुकीचा आहे, हे या आकड्यांवरून कळावे.

हे सारे तिकडे दूर भारतात चालले आहे, असे कोणी समजू नये. २०१९ मध्ये जर्मनीतील त्वचारोगाच्या नियतकालिकात एका तान्ह्या बाळाची हकिगत छापून आली. अंगभर गजकर्ण, बुरशी भारतीय वाणाची, टर्बिनाफिनला दाद न देणारी, आणि बाळ होते बहारीनचे! बुरशीला व्हिसा लागत नाही. टॉवेल, चादर आणि अंगावरचा स्पर्श तिला पुरतो.

भारत सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला, पण बॅगेत काय भरायचे हे अखेर आपल्याच हाती आहे. म्हणून आमच्या काही सूचना :

चट्टा उठला तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कातडीचा कोंडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशी दिसते. साधी तपासणी आहे. आधी कोणतेही मलम लावले असेल तर संकोच न करता सांगा, ट्यूबच सोबत न्या. तान्ह्या मुलांना स्वतःच्या मनाने काहीही लावू नका.

शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. इट्राकोनाझोलचे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही, आणि हृदय कमजोर असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत औषध चालू ठेवा. घरात दुसऱ्या कोणाला खाज असेल तर त्यांनाही त्याच वेळी दाखवा, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. टॉवेल वेगवेगळे ठेवा, कपडे गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, अंग कोरडे ठेवा, सैल सुती कपडे वापरा.

एका खोलीत पाच-सहा जण राहणारे आपले अनेक बांधव इथे आहेत. जांघेतल्या खाजेविषयी बोलायची लाज आणि डॉक्टरांच्या फीची चिंता, यांमुळे तेच या ट्यूबच्या आहारी लवकर जातात. वाचून झाल्यावर हा अंक त्यांच्या हाती पडेल एवढे जरूर पाहा.