पाळी गेल्यानंतरची जवळीक

पन्नाशीतली स्त्री ओपीडीत गुडघेदुखी सांगते, लघवीची जळजळ सांगते. संबंधांच्या वेळी दुखते, हे मात्र विचारले तरच, तेही निघता निघता. ‘आता या वयात कशाला’ म्हणत नवरा-बायको वेगळे झोपू लागतात. दुखण्याचे मुख्य कारण असते घटलेले इस्ट्रोजेन. भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. नंतर योनीमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, लघवीचा जंतुसंसर्गही वारंवार होऊ शकतो. नियमित संबंधांमुळे तिथला रक्तपुरवठा आणि लवचिकता टिकायला मदत होते. दीर्घ काळ खंड पडला, तर पुन्हा सुरुवात करताना त्रास वाढू शकतो. म्हणून दुखणे सोसत राहायचे असे नाही. नवऱ्यांनीही हे वाचावे. औषधाच्या दुकानात वंगणाचे जेल मिळते. तेवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर ते आधी सांगावे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग दिसला, मग तो संबंधांनंतरचा का असेना, तपासणी लांबणीवर टाकू नये.