छातीचा आवाज मोबाईलवरून मुंबईला

मंडणगड तालुक्यातल्या आडबाजूच्या वाडीतल्या पेशंटला हृदयतज्ज्ञाकडे न्यायचं म्हणजे घाट उतरून दूरचं शहर गाठणं आलंच. म्हणूनच छातीचा आवाज दूरच्या तज्ज्ञापर्यंत पोचवणारा, आयआयटी मुंबईच्या टीमने बनवलेला डिजिटल स्टेथोस्कोप मला फार मोलाचा वाटतो. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काळात, त्याचे १,००० नग रुग्णालयांना पाठवल्याच्या बातम्या आल्या होत्या. डॉक्टरांना पेशंटच्या अगदी जवळ जावं लागू नये, हा तेव्हाचा हेतू.

१८१६ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर लेनेकने कागदाची सुरळी छातीला लावली, तेव्हापासून स्टेथोस्कोपचं मूळ काम तेच आहे: छातीतला आवाज ऐकणं. या डिजिटल स्टेथोस्कोपमध्ये मात्र आवाजाचा विद्युत संकेत होतो, बाहेरचा गोंगाट गाळला जातो, ठोके मोठे करून ऐकता येतात आणि मोबाईलवर त्यांचा आलेख दिसतो.

खरी कमाल रेकॉर्डिंगची! साध्या नळीतून ऐकलेली हृदयाची मर्मर (ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकणाऱ्याच्या कानातच राहते. रेकॉर्ड केलेली मर्मर मुंबईतला तज्ज्ञ ऐकू शकतो, सहा महिन्यांनी नव्या आवाजाशी ताडूनही पाहू शकतो. गावच्या डॉक्टरला याहून मोठा आधार कुठला? हृदयाच्या झडपेत नेमका काय दोष आहे, हे ठरवायला मात्र इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावीच लागते.