तेव्हा कारागिराला सुचलं असतं का?

उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला भांड्यांच्या कारखान्यांत उथळ थाळ्या लेथवर घासून चकचकीत करत. थाळी लेथच्या फिरत्या डोक्याला चिकटवायची, नाहीतर चकच्या जबड्यात धरायची. समोरून आधार नसे. फिरता फिरता ती सुटली की कामगाराच्या जिवाशी गाठ. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने समोरून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा, दाब दिला, धोका कमी झाला, आणि १९५१ची तारीख असलेलं पेटंट मिळालं. पुढे त्याच्या उल्लंघनावरून दावा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, अपिलात खंडपीठाने ते वाचवलं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केलं.

लेथ तोच, निकाल मात्र उलटसुलट, कारण खरा प्रश्न नजरेचा आहे. युक्ती न्यायाधीशाला सोपी वाटते का, हे महत्त्वाचं नाही. पेटंटच्या तारखेआधीचं सगळं सर्वसाधारण ज्ञान असलेल्या, पण ही युक्ती न पाहिलेल्या कुशल कारागिराला ती सुचली असती का, एवढंच पाहायचं. उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं, हा आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणूनच निकाल पुराव्यावर उभा राहायला हवा, आणि इथे तो होता: टेलस्टॉक लेथवर पूर्वापार वापरात होता, त्याचं कामही तेच, समोरून दाबून धरणं. आधी कोणी प्रयत्न करून फसलं असतं, तर पारडं फिरलं असतं. कामगाराचा हात वाचवणाऱ्याला बक्षीस नको का, असंही कोणी विचारील. हवंच, पण पेटंट हे बक्षीस इतरांना मनाई करून मिळतं. नेहमीचाच टेलस्टॉक लावून आपल्या माणसाचा हात वाचवणारा शेजारचा कारखानदार मग गुन्हेगारासारखा कोर्टात उभा राहतो. हे मला पटत नाही.

अर्थात, ही कसोटी नकार देणाऱ्यालाही लागू आहे. अशा नकारांवरची अपिलं ऐकणारं बौद्धिक संपदेचं अपील मंडळ २०२१ साली बंद झालं. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला की अपील आता मुंबई उच्च न्यायालयात जातं. ‘हा तर किरकोळ बदल’ एवढ्या एका ओळीवर अर्ज नाकारलेला असेल, तर न्यायालयाने विचारायलाच हवं: कोणत्या कारागिराला, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे हे सुचलं असतं?