ओवाळणीचा जमाखर्च

दिवाळीच्या चार दिवसांत पुण्यातील मध्यमवर्गीय घराच्या उंबऱ्याशी पोस्टमन येतो, पेपरवाला येतो, झाडलोट करणारी बाई येते, आणि आपापली पोस्त घेऊन ही मंडळी संतोषाने परतही जातात. परंतु याच दिवसांत खांद्याला कापडी पिशवी अडकवून आणि हाती पावतीपुस्तक घेऊन जिना चढणारी एक व्यक्ती अशी असते की, ती स्वतःसाठी कपर्दिकाही मागत नाही, आणि जे मागते ते अशा सहजपणाने मागते की, देणाऱ्याला आपण कोणावर उपकार करीत आहोत असे क्षणभरही वाटू नये. ही व्यक्ती म्हणजे कर्वेनगरच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीचा सेवक किंवा सेविका होय. शंभराहून अधिक वर्षे हा निधी दर दिवाळीला घरोघर हिंडून गोळा होत आला आहे. संस्थेच्या शाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालये सर्वांना ठाऊक असतात. ज्या हातांनी त्यांची पहिली वीट ठेवली त्या महर्षींचे नाव तर शाळकरी पोरांच्याही तोंडी असते. परंतु ज्यांनी जिने चढून ही ओवाळणी जमविली आणि ज्यांनी डब्यातून काढून ती दिली, त्यांच्याविषयी लिहिण्याचे कोणाच्या फारसे मनात येत नाही. ती उणीव दिवाळी अंकाने भरून काढावी हे सर्वथैव उचितच आहे.

ही संस्था मुळात विधवांच्या शिक्षणासाठी निघालेली; तेव्हा या योजनेतील कल्पकता कशात आहे, हे कळण्यासाठी त्या काळच्या विधवेची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. उच्चवर्णीय हिंदू घरातील बालविधवा म्हणजे केशवपन केलेली, आलवण नेसलेली, स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यात बंदिस्त झालेली मुलगी. तिला कुंकवाचा अधिकार नव्हता, हळदीकुंकवाचे बोलावणे नव्हते, आणि मंगल प्रसंगी ती समोर न आली तर बरे, असे घरातील मायेच्या माणसांनाही वाटत असे. औक्षणाचे तबक जिच्या हाती येणे समाजाला अशुभ वाटे, तिच्याच नावाने भाऊबीज मागण्याचे धाडस संस्थेच्या मंडळींनी केले. भावाने तबकात घातलेली ओवाळणी बहिणीला भिक्षा वाटत नाही. तो तिचा माहेरचा हक्क असतो, आणि रक्कम लहान असली म्हणून कोणी ती नाकारीतही नाही. अनोळखी गृहस्थाला एका वाक्यात भाऊ करून टाकणारी, आणि त्या मुलीला याचकाच्या पंक्तीतून उठवून बहिणीच्या पाटावर बसविणारी इतकी साधी युक्ती दुसऱ्या कोणत्या संस्थेला सुचल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

अर्थात भाऊबीज निधी सुरू होण्यापूर्वीच या संस्थेला अल्पस्वल्प देणग्यांवर जगण्याचा सराव झालेला होता. धोंडो केशव कर्वे हे मूळचे कोकणातील मुरूडचे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. यातील विलक्षण विरोध असा की, याच मुरूडच्या सार्वजनिक कामांसाठी तेथील रहिवाशांकडून प्राप्तीचा अल्प हिस्सा जमविणारा ‘मुरूड फंड’ कर्व्यांच्याच खटपटीने उभा राहिला होता. थेंबाथेंबाने निधी साठविण्याची विद्या त्यांनी ज्या गावासाठी वापरली, त्या गावाने त्यांच्या तोंडावर दार लावले, आणि तीच विद्या पुढे त्यांनी गावोगावच्या परक्या मुलींसाठी खर्ची घातली.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी, म्हणजे आजच्या संस्थेचे मूळ रूप, स्थापन झाली; अध्यक्षपदी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आश्रमाचा आरंभ पुणे शहरातच झाला, परंतु प्लेगने शहर पोखरले, आणि १९०० साली आश्रम शहराबाहेर चार मैलांवर हिंगणे (आजचे कर्वेनगर) या ओसाड गावी न्यावा लागला. तेथील सुमारे सहा एकर जागा आणि वर झोपडी बांधण्यापुरती रोख रक्कम रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिली. ती झोपडी आजही संस्थेने जतन करून ठेवली आहे. टोलेजंग इमारतींच्या मधोमध ती पाहिली की, दानशूर या विशेषणाचा आपण हल्ली किती स्वस्तात लिलाव करतो, हे ध्यानात येते.

झोपडी झाली, पण तेथे राहणाऱ्या मुलींना दोन वेळचे अन्न पोहोचवायचे कोणी? रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. कर्वे दिवसा महाविद्यालयात गणित शिकवीत आणि सायंकाळी शहरातून लागणारे सामानसुमान घेऊन पायी हिंगण्यास जात. रात्री तेथेच राहून सकाळी पुन्हा कामावर हजर. पायी चालण्याचे त्यांना नावीन्य नव्हतेच; विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत ते सह्याद्री ओलांडून चालत गेले होते, आणि वय लहान दिसते या सबबीवर परीक्षकांनी त्यांना परत पाठविले होते. पण पाठीवर शिधा आणि मनात दुसऱ्या दिवशीचे पाठ घेऊन वर्षानुवर्षे चाललेल्या या वाटेला मी संस्थेच्या देणग्यांच्या यादीत जमेच्या बाजूला मांडीन, कारण तिचा दर कोणत्याही रोजकीर्दीत लिहिला गेला नाही.

येथे एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. त्या काळी आश्रमाला चार आणे देणे म्हणजे केवळ पैसे देणे नव्हते; ते एक प्रकारचे जाहीर मत होते. वर्गणीदारांच्या यादीत नाव छापून आले की, शेजारीपाजारी, पंगतीतील भटजी, लग्न जुळविणारी मंडळी, सारी ते वाचणार. पुनर्विवाह केलेल्या माणसाच्या संस्थेला याने पैसे दिले, असा शेरा मारला जाणार. हे जाणूनच कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ यांच्यात कटाक्षाने अंतर राखले. आश्रमाचे काम शिक्षणाचे, लग्न जमविण्याचे नव्हे, ही मर्यादा त्यांनी इतकी काटेकोरपणे पाळली की, त्यांच्यावर सुधारकांचाही रोष ओढवला. हे धोरण भित्रेपणाचे होते असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही असतील. मला ते तसे वाटत नाही. सनातनी घरातील जो गृहस्थ पुनर्विवाहाला एक पैही देणार नव्हता, तोच गृहस्थ विधवेने लिहावाचायला शिकावे यासाठी रुपया काढू लागला, आणि त्याचे मत पालटण्यास त्या एका रुपयाने जितकी मदत केली तितकी दहा व्याख्यानांनी केली नसती.

निधी जमविणाऱ्यांत ज्यांचे नाव सर्वप्रथम घ्यावे त्या पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्या, म्हणजे बाया कर्वे यांच्या भगिनी. विशीच्या आसपास वैधव्य आले, अक्षरओळख उशिरा झाली, आणि शिकून त्या आश्रमाच्याच होऊन राहिल्या. वपन केलेल्या, सोवळ्या वेषातील या बाई गावोगाव सभांतून उभ्या राहून विधवांच्या शिक्षणासाठी पदर पसरीत. समोर बसलेल्या जुन्या वळणाच्या मंडळींना सुटाबुटातल्या सुधारकाचे बोलणे उडवून लावता येत होते, पण आपल्याच घरातील आत्याबाईसारख्या दिसणाऱ्या बाईला काय उत्तर द्यावे, हे त्यांना सुचत नसे. पुढे १९१२ साली त्यांनी वपनाची रूढी स्वतःपुरती सोडून दिली. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. उद्देश इंग्रजी शिकण्याचा आणि संस्थेसाठी साह्य मिळविण्याचा. हाती पैसा नव्हता, भाषा येत नव्हती, तेव्हा परक्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले. पन्नाशीकडे झुकलेल्या, शाकाहारी, कोकणातल्या त्या बाईने परमुलखात भांडी घासली ती आपल्या संसारासाठी नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्राचे मोल कळते.

आणि बायांचे काय? पतीने मिळकत, शिल्लक आणि अखेर विम्याची पॉलिसीदेखील आश्रमाच्या स्वाधीन करावी, आणि घरी मुलांना खाऊपिऊ घालण्याची चिंता पत्नीने वाहावी, हा सार्वजनिक कार्याचा जुना शिरस्ता त्यांच्याही वाट्याला आला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे सुइणीचे शिक्षण घेऊन त्यांनी संसाराला हातभार लावला, आणि आपल्या ‘माझे पुराण’ या पुस्तकात नवऱ्याच्या थोरवीपुढे दबून न जाता स्पष्ट बोलून घेतले. संस्थेच्या दानशूरांची यादी करताना बायांचे नाव वर्गणीदारांत नसते, सेवकांतही नसते. पण घरचा पैसा आश्रमात गेल्यावर घर चालविणारी जी बाई, तिचे दान कोणत्या सदरात घालावे, हा हिशेब आपल्या संस्थांनी अजून नीट मांडलेला नाही, असे मला राहून राहून वाटते.

मोठ्या देणगीचा उल्लेख केल्यावाचून हा लेख अपुरा राहील. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठाचा आरंभ केला, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी देऊ केली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव विद्यापीठास लागले ते त्यामुळे. ही रक्कम त्या काळी डोळे दिपविणारी होती यात संशय नाही. परंतु विद्यापीठाला १५ लक्ष मिळाले म्हणून हिंगण्याच्या वसतिगृहातील धान्याच्या कणग्या आपोआप भरत नव्हत्या. त्यासाठी दर दिवाळीला जिने चढावेच लागत. मोठ्या देणगीने इमारत उठते. तिच्यातील दिवा दरवर्षी कोणाच्या तेलावर जळतो, हे पाहायचे असेल तर पावतीपुस्तकांची चळत उघडावी लागते.

त्या चळतीचे काम कसे चालते, तेही थोडे सांगतो. दिवाळीच्या अगोदर सेवकांना पावतीपुस्तके वाटली जातात. निवृत्त शिक्षिका, बँकेतील नोकरी आटोपलेले गृहस्थ, गृहिणी, आणि क्वचित एखादी माजी विद्यार्थिनी आपापली आळी, आपापली सोसायटी वाटून घेतात. दार उघडले की ओळख सांगावी लागत नाही. ‘काकू, यंदा आलात का? मी वाटच बघत होते,’ असे म्हणून घरातील सून फडताळातल्या डब्याकडे वळते, आणि काकू चष्मा सावरून खालच्या कागदावर उमटावे म्हणून बॉलपेन दाबून नाव लिहू लागतात. ‘गेल्या वर्षी सासूबाईंच्या नावाने दिले होते, यंदाही त्यांच्याच नावाने लिहा,’ असे ती सांगते, आणि सासूबाई या वर्षी नाहीत हे काकूंना त्या वाक्यावरून कळते. मग पाच मिनिटे उभ्याउभ्याच बोलणे होते, लाडू-चिवड्याचा आग्रह होतो, ‘अजून तीन मजले आहेत’ म्हणून तो नाकारला जातो. पावती फाटते, स्थळप्रत पुस्तकात राहते, आणि दिवसाअखेर रक्कम आणि स्थळप्रती यांचा मेळ बसल्याशिवाय काकू जेवायला बसत नाहीत. लिफ्ट असलेल्या इमारतींत हे काम सोपे झाले असले, तरी जिथे दारावरचा पहारेकरी फोन करून वर विचारल्याखेरीज सोडत नाही, तिथे ते अवघडही झाले आहे; आणि मोबाइलवरून पैसे धाडण्याची सोय झाल्यापासून काही जण ‘काकू, नंबर द्या, पाठवून देते’ म्हणतात, पण पावती मात्र हातातच मागतात.

हे हिशेबाचे बारीक वळण संस्थेला कर्व्यांकडून मिळालेले आहे. गणिताचा अध्यापक संस्था चालवू लागला की जमाखर्चात पैशाचाही फरक राहू देत नाही, आणि लहान देणगीदाराचा विश्वास ज्याने बसतो ती गोष्ट व्यासपीठावरील सत्कार नव्हे, चोख खतावणीच होय. शाल-श्रीफळ देऊन एकाच दिवशी शंभर दात्यांचा गौरव उरकण्याची जी प्रथा आज सर्वत्र बोकाळली आहे, तिच्यात दात्याचे नाव चुकीचे उच्चारले जाते आणि स्वयंसेवक खुर्च्या उचलण्यात गुंतलेला असतो. त्यापेक्षा अहवालात नाव शुद्ध छापणे आणि रक्कम बरोबर मांडणे हा सत्कार मला कितीतरी सभ्य वाटतो.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी पुन्हा एक मंडळ काढले, आणि त्यासाठी आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधून दरमहा काही रक्कम बाजूला ठेवून स्वतः पायी हिंडून आणे-दोन आणे गोळा केले. भारतरत्न त्यांना मिळाले ते १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा. १९६२ साली ते निवर्तले. त्यांची समाधी त्याच झोपडीच्या परिसरात आहे, आणि सेवकांचे जिने चढणे अजून चालू आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबिजेच्या सुमारास तुमच्या दारावरची घंटा वाजली आणि समोर पावतीपुस्तक घेतलेली बाई दिसली, तर ‘नंतर या’ म्हणू नका. तिला आत बोलवा, बसायला द्या, पाणी विचारा, जे द्यायचे ते द्या, आणि पावतीवर नाव नीट लिहवून घ्या.