विश्लेषण : रद्द झालेल्या ‘मॅग्ना कार्टा’ला दुसरा जन्म देणारा विल्यम मार्शल कोण होता?

इंग्लंडचा राजा जॉन याने जून १२१५ मध्ये ‘मॅग्ना कार्टा’ ही सनद मान्य केली, हे अनेकांनी शाळेत वाचलेले असते. मात्र अवघ्या दहा आठवड्यांत पोप तिसरे इनोसंट यांनी ती रद्द ठरवली होती. सनदेला दुसरा जन्म मिळाला तो सत्तरीला टेकलेल्या एका योद्ध्यामुळे. त्याचे नाव विल्यम मार्शल.

फासावर जाता जाता कसा वाचला?

विल्यमचा जन्म साधारण ११४६-४७ चा. त्याचे वडील जॉन मार्शल हे अँग्लो-नॉर्मन सरदार होते. ११५२ मध्ये राजा स्टीफनने त्यांच्या न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला. तहासाठी जॉनने लहानग्या विल्यमला ओलीस दिले आणि मग शब्द फिरवला. ‘मुलाला फाशी देऊ’ या धमकीवर, याहून चांगले मुलगे घडवायला हातोडा आणि ऐरण आपल्याकडे आहे, असे बापाचे उत्तर होते. स्टीफनला मात्र मुलाची दया आली.

पैसा आणि सत्ता कुठून आली?

धाकट्या मुलाला वारसा मिळण्याची शक्यता कमीच. विल्यमने नॉर्मंडीत युद्धकलेचे शिक्षण घेतले आणि ‘टूर्नामेंट’मध्ये नाव कमावले. या सामन्यांत हरलेल्याचा घोडा, चिलखत आणि सुटकेची खंडणी जिंकणाऱ्याला मिळे. आपण ५०० योद्धे पकडले, असे त्याने मृत्युशय्येवर सांगितल्याची नोंद आहे. पुढे तो राजपुत्र हेन्रीचा शिक्षक झाला. ११८९ मध्ये इझाबेल डी क्लेअरशी लग्न झाले आणि तिच्या वारशातून वेल्स व आयर्लंडमधील जहागिरी आल्या. ११९९ मध्ये तो पेम्ब्रोकचा अर्ल झाला.

त्याची निष्ठा निर्विवाद होती का?

नाही. १२०५ मध्ये नॉर्मंडीतील जमिनी टिकवण्यासाठी त्याने फ्रान्सच्या राजापुढे निष्ठेची शपथ घेतली. संतापलेल्या जॉनने त्याचे दोन मुलगे ओलीस ठेवले. तरीही १२१५ च्या बंडात विल्यम राजाच्या बाजूने उभा राहिला. त्याचा थोरला मुलगा बंडखोरांच्या गोटात होता.

सनद पुन्हा का लागू केली?

ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉनचा मृत्यू झाला. वारस तिसरा हेन्री अवघा ९ वर्षांचा होता. लंडन फ्रेंच राजपुत्र लुईच्या हाती होते आणि अनेक उमराव त्याला मिळाले होते. विल्यमकडे राज्याचा कारभार सोपवण्यात आला. नोव्हेंबरमध्ये त्याने सनद पुन्हा जारी केली. राजाला स्वतःचा शिक्का नसल्याने तिच्यावर विल्यम आणि पोपचे प्रतिनिधी ग्वाला यांचे शिक्के उमटले. राजावर २५ उमरावांची देखरेख ठेवणारे कलम मात्र वगळले. बंडखोरांची मुख्य मागणीच मान्य झाल्याने लुईच्या बाजूने लढण्याचे त्यांचे कारण कमकुवत झाले.

तरी लढाई टळली नाही. २० मे १२१७ रोजी लिंकन येथे विल्यम स्वतः घोड्यावर बसून लढला आणि जिंकला. सप्टेंबरमध्ये तह झाला. लुईने मायदेशी परतावे म्हणून त्याला १० हजार मार्क देण्यात आले. या मवाळपणावर पुढे टीकाही झाली. त्याच वर्षी सनद तिसऱ्यांदा जारी झाली. सोबत वनांची वेगळी सनद निघाली आणि तिच्यापासून ओळखू यावी म्हणून पहिलीला ‘मोठी सनद’, म्हणजेच मॅग्ना कार्टा, हे नाव पडले.

हे सारे कशावरून कळते?

त्याच्या थोरल्या मुलाने लिहवून घेतलेल्या, सुमारे १९ हजार ओळींच्या जुन्या फ्रेंच पद्यचरित्रातून बरेच तपशील मिळतात. मुलानेच लिहवलेले असल्याने त्यातील कौतुक जपून वाचावे लागते. सनदेवरील शिक्क्याला मात्र चरित्रकाराच्या साक्षीची गरज नाही.

१४ मे १२१९ रोजी विल्यमचा मृत्यू झाला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याची समाधी आहे. कायदेशीर निवाड्याशिवाय कुणालाही कैदेत टाकता येणार नाही, हे त्या सनदेतील कलम इंग्लंडमध्ये आजही लागू आहे.