काळ्या पडद्यावरची निळी चौकट

वऱ्हाळादेवी तलावाच्या काठचे कामतघर हे भिवंडीचेच अंग. आत यंत्रमागांचा खडखडाट, शहराबाहेर पडले की गोदामांच्या रांगा. अशा ठिकाणी हिशेबाचा सर्व्हर बहुधा मेहताजींच्या टेबलाखाली नाहीतर माळ्यावर, कापसाच्या धुळीत बसलेला असतो. त्याला ना मॉनिटर, ना माऊस. चालतो आहे तोवर त्याची आठवणही कुणाला होत नाही. राउटर बदलतो, आयपी पत्ता बदलावा लागतो आणि मग कुठून तरी मॉनिटर आणून जोडला जातो. समोर काय दिसते? काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.

हा काळोख मुद्दाम ठेवलेला असतो. सर्व्हरवर जितके सामान कमी, तितकी घुसखोराला दारे कमी आणि दुरुस्तीचे पॅचही कमी. 2008 साली मायक्रोसॉफ्टने ‘सर्व्हर कोअर’ आणला, म्हणजे विंडोजमधून खिडक्याच काढून टाकल्या! लॉग-इन केले की फक्त कमांडची चौकट. यंत्राचे नाव बदलायला एक आज्ञा, पत्ता द्यायला दुसरी. दुरून जोडणी सुरू करायची तर एका स्क्रिप्टपुढे ‘/एआर 0’ लिहायचे. चालू करायला शून्य? हो, कारण आतली नोंद ‘जोडणी नाकारायची का?’ असे विचारते आणि शून्य म्हणजे ‘नाही’. भल्याभल्या जाणकारांनी इथे डोके धरले असेल.

मग हौशी प्रोग्रामरांनी या आज्ञांवर बटणांची झूल चढवणारी छोटी मोफत साधने लिहिली. पुढच्या आवृत्तीत, 2009 साली, मायक्रोसॉफ्टने स्वतःच ‘एसकॉन्फिग’ दिले. त्यात चित्र एकही नाही, नुसती आकडे घातलेली यादी: 2 दाबा, यंत्राचे नाव बदला, 8 दाबा, नेटवर्क. हॉटेलच्या मेनूकार्डाइतके साधे. विंडोज सर्व्हर 2022 पासून तर सर्व्हर कोअरवर लॉग-इन करताच हीच यादी आपोआप समोर येते.

या जातीचा सर्वांत रसिक नमुना मात्र आयबीएमचा. एआयएक्स प्रणालीतल्या ‘स्मिट’च्या चित्रमय रूपात काम चालू असताना एक छोटा माणूस धावत असे. काम जमले की हात उंचावे, फसले की तोंडघशी पडे. पण स्मिटचे खरे मोठेपण एफ6 या बटणात होते. ते दाबले की मेनूमागची खरी आज्ञा उघड होई. आज मेनूतून काम, उद्या तीच आज्ञा हाताने. शिकाऊ माणसाला घडवायची याहून चांगली सोय नंतरच्या फार थोड्या साधनांना साधली.

भारतात लिनक्स घरोघरी गेले ते सीडींतून. बेळगावात वाढलेल्या अतुल चिटणीस यांनी ‘पीसीक्वेस्ट’ मासिकामार्फत 1990च्या दशकात ते पोहोचवले. त्या जगातही सोयीची साधने होतीच: सुसेचे ‘यास्ट’, रेड हॅटवरचे ‘लिनक्सकॉन्फ’, पुढे ‘एनएमटीयूआय’. रास्पबेरी पाय वापरणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ‘रास्पी-कॉन्फिग’ची निळ्या पार्श्वभूमीवरची करडी चौकट पाठ असते. बाण, टॅब, एंटर. माऊस लागतच नाही.

मराठी वाचकाला मात्र या चौकटीत एक अडचण आहे. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एका वेळी फार तर 512 चिन्हे बसतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची अक्कल त्याला नाही. ‘क्ष’ तिथे उमटायचा कसा? डेबियन या लिनक्स-वितरणाच्या 2009 मधल्या पाचव्या आवृत्तीत इन्स्टॉलर मराठीत आला, पण तो चित्रमय रूपातच वापरता येई. म्हणजे आपल्याकडे चित्रमय साधन ही चैन नव्हे. मराठीसाठी तोच एक रस्ता.

ब्राउझरने हा तिढा सोडवला. सर्व्हरवर पडदा नसला तरी शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर असतोच. जेमी कॅमरून यांनी 1997 मध्ये पर्ल भाषेत लिहिलेले ‘वेबमिन’ 10000 क्रमांकाच्या पोर्टवर उघडते. वापरकर्ते, डिस्क, छपाई, मेल, सगळे एका पानावर. रेड हॅटच्या आश्रयाने वाढलेले ‘कॉकपिट’ 9090 वर. कॉकपिट स्वतःची वेगळी वही ठेवत नाही. टर्मिनलवर केलेला बदल पानावर दिसतो, पानावरचा टर्मिनलवर. कुणी पाहत नसेल तेव्हा ते झोपून राहते, स्मृतीवर भार नाही. स्मिटच्या प्रामाणिकपणाच्या सर्वांत जवळ आज तेच आहे.

सोयीला किंमतही असते. एप्रिल 2018 मध्ये वेबमिनच्या बांधणी-सर्व्हरवर कुणीतरी चोरवाट घुसवली आणि ती ऑगस्ट 2019 पर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. मूळ कोड स्वच्छ होता, बांधलेल्या पुड्यात विष होते. 1.930 या आवृत्तीने ते काढले.

दरम्यान यास्टची सद्दी संपली. 2025 मध्ये आलेल्या सुसेच्या सोळाव्या आवृत्तीत त्याची जागा इन्स्टॉलर ‘अगामा’ आणि कॉकपिट यांनी घेतली. कामतघरात असो की कॅलिफोर्नियात, ज्याच्या कार्यालयात असे पान चालू असेल त्याने आज संध्याकाळी एवढे करावे: 10000 आणि 9090 ही दोन्ही पोर्टे राउटरवरून बाहेरच्या जगाला उघडी नाहीत ना, हे पाहावे.